शाळेचा संघ की क्लबचे नेट? मुंबईच्या किशोर क्रिकेटचा मागोवा

मुंबईतील शालेय क्रिकेट आणि क्लब क्रिकेट ही दोन्ही एकोणिसाव्या शतकाची देणगी आहेत, पण पहिली कित्येक दशके त्यांच्यात स्पर्धा नव्हती. शाळा मुलांसाठी होती आणि क्लब मोठ्यांसाठी. मूल शाळेकडून खेळे, कॉलेजात गेल्यावर कॉलेजकडून, आणि मिशी फुटल्यावर कुठल्या तरी क्लबाचे दार ठोठावी. चौदाव्या वर्षी या दोहोंपैकी एकाची निवड करण्याची पाळी मुलांवर फार उशिरा आली. ती का आली, हे समजायला दोन्ही संस्थांची घडण पाहावी लागते.

क्लब आधी आले. पारशी तरुणांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला आणि किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हलच्या पट्ट्यात, खेळ सुरू झाला. १८७५ मध्ये युरोपीयांसाठी बॉम्बे जिमखाना उभा राहिला. मग पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखाने आले. हे जिमखाने जातधर्मावर बेतलेले होते आणि त्यांचे संघ पुढे तिरंगी (१९०७), चौरंगी (१९१२) आणि पंचरंगी (१९३७) सामन्यांत एकमेकांशी भिडले. क्लबात कोण येणार, हे त्याच्या खेळाइतकेच त्याच्या जन्मावरही ठरत असे. पालवणकर बाळू हे त्याचे ठसठशीत उदाहरण. चर्मकार कुटुंबातील या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात नोकर म्हणून नेटमध्ये तासन्‌तास चेंडू टाकले आणि त्यातूनच आपली कला घडवली. पुण्याच्या हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले, कारण त्यांच्यावाचून जिंकणे अवघड होते. चहाच्या वेळी मात्र त्यांचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला जाई.

शाळांची स्पर्धा याच काळात उभी राहिली. लॉर्ड हॅरिस हे १८९० ते १८९५ मुंबईचे गव्हर्नर होते. इंग्लंडच्या संघाचे माजी कर्णधार असलेल्या या गृहस्थांचे नाव लागलेले हॅरिस शील्ड त्याच दशकातले. लहान मुलांसाठीचे गाइल्स शील्ड विसाव्या शतकाच्या आरंभी आले. आज हॅरिस शील्ड सोळा वर्षांखालील आणि गाइल्स शील्ड चौदा वर्षांखालील मुलांसाठी असते आणि मुंबई शालेय क्रीडा संघटना या दोन्ही स्पर्धा भरवते. या स्पर्धांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या लांबीत होते. महत्त्वाचे सामने दोन-तीन दिवस चालत. शाळकरी पोराला दिवसभर खेळपट्टीवर उभे राहण्याची सवय तिथे लागली. विकेट फुकट न देणारी जी ‘खडूस’ फलंदाजी मुंबईच्या नावाने ओळखली जाते, तिचे मूळ शोधायचे तर रणजी संघाच्या आधी या शील्डांकडे पाहावे लागते.

स्वातंत्र्यानंतरच्या पिढीसाठी मार्ग जवळजवळ आखलेला होता. आधी शाळा, मग आंतरमहाविद्यालयीन सामने आणि विद्यापीठाची रोहिंटन बारिया करंडक स्पर्धा, त्याच्या जोडीने क्लब, आणि शेवटी टाइम्स शील्ड या कार्यालयीन संघांच्या स्पर्धेत खेळणाऱ्या एखाद्या बँकेत वा कंपनीत नोकरी. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकणारा मुंबईचा संघ याच मार्गाने घडला. सुनील गावसकर सेंट झेवियर्स शाळेत शिकले आणि १९६६ मध्ये देशातील सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू ठरले. पुढे ते मामा माधव मंत्री यांच्या दादर युनियनकडून खेळले. संदीप पाटील बालमोहन विद्यामंदिरात शिकले, दिलीप वेंगसरकर दादरच्या किंग जॉर्ज शाळेत. माटुंग्याचे दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्यातील चुरस तर अशी होती की, दोन्हीकडचे कसोटीपटू त्या सामन्याला हजर राहणे कर्तव्य मानत. शाळेतून आलेल्या पोरांना तिथे वडीलधाऱ्यांची शिस्त मिळे, आणि ती फुकट मिळे.

अखिल भारतीय पातळीवरही शाळेला मान होता. १९४५-४६ मध्ये सुरू झालेला कूचबिहार करंडक शालेय संघांसाठीच होता. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात तो एकोणीस वर्षांखालील गटाचा झाला. वरवर पाहता हा नियमातला किरकोळ बदल वाटतो, पण त्यातच पुढच्या सगळ्या घडामोडींची चाहूल आहे. आता निवड ‘शाळेचा मुलगा’ म्हणून नव्हे, तर ‘अमुक वयाचा मुलगा’ म्हणून होऊ लागली.

मुलांना क्लबाकडे ओढणारी एक वाट त्याआधीच तयार झाली होती. १९४८ मध्ये डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने पावसाळी साखळी स्पर्धा सुरू झाली. ओल्या, झाकण नसलेल्या खेळपट्ट्यांवर, गुडघ्याएवढ्या गवतात चालणाऱ्या कांगा लीगमध्ये वयाचे बंधन नव्हते. पोरसवदा खेळाडूला रणजी वा कसोटी खेळलेल्या गोलंदाजासमोर उभे राहायची संधी मिळे. शालेय सामन्यात हे होणे नव्हते. सचिन तेंडुलकर अकराव्या वर्षी जॉन ब्राइट क्लबाकडून कांगा लीगमध्ये उतरला आणि नंतर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाकडून खेळला.

शाळा आणि क्लब यांच्यातील समतोल खऱ्या अर्थाने बदलला तो मात्र प्रशिक्षकामुळे. रमाकांत आचरेकर स्टेट बँकेत नोकरीला होते. खेळाडू म्हणून त्यांच्या नावावर एकच प्रथम दर्जाचा सामना आहे. शिवाजी पार्कवर त्यांच्या कामत मेमोरियल क्रिकेट क्लबाचे नेट लागे आणि तेच शारदाश्रम विद्यामंदिराच्या संघाचेही प्रशिक्षक होते. म्हणजे क्लब आणि शाळा ही दोन दारे असली तरी आत बसलेला माणूस एकच. १९८४ च्या उन्हाळी शिबिरात तेंडुलकरला त्याचा भाऊ अजित तिथे घेऊन गेला. प्रवेशाचे ६५ रुपये आणि पुढे दरमहा १० रुपये, अशी फी असल्याचे तेंडुलकरने आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्या साठ दिवसांच्या सुट्टीत तो पंचावन्न सराव सामने खेळला. तोवर तो वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता. तिथे क्रिकेटची परंपरा नव्हती. मुलाला खरोखर क्रिकेट खेळायचे असेल तर शाळा बदला, असे आचरेकरांनी घरच्यांना सांगितले आणि तो शारदाश्रमात आला. रोजचा वांद्रे-दादर बसप्रवास झेपेना, म्हणून पुढे तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला.

शाळा बदलण्याचा हा निर्णय त्या काळी मध्यमवर्गीय मराठी घरात सहजासहजी घेतला जात नसे. शाळा निवडताना अंतर, माध्यम आणि दहावीचा निकाल पाहत. सामन्यांसाठी शाळा निवडणे म्हणजे अभ्यासाला दुय्यम स्थान देणे, अशीच समजूत होती. तेंडुलकरच्या उदाहरणाने ती समजूत मोडली, आणि पुढच्या हजारो पालकांनी त्याच वाटेने जायचे ठरवले. त्यातल्या बहुतेकांच्या मुलांना ती वाट लाभली नाही, हेही खरे.

शारदाश्रमाच्या संघात काय घडत होते, ते फेब्रुवारी १९८८ च्या हॅरिस शील्ड उपांत्य सामन्यात दिसते. आझाद मैदानावर सेंट झेवियर्सविरुद्ध तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९, संघ २ बाद ७४८. आचरेकर सर मैदानावर नव्हते. डाव घोषित करा, असे साहाय्यक प्रशिक्षक सीमारेषेवरून ओरडून, हातवारे करून सांगत होते आणि मैदानातली दोन पोरे तिकडे नजरच जाणार नाही याची काळजी घेत होती. नंतर कांबळीने गोलंदाजीतही सहा बळी घेतले. अंजुमन-इ-इस्लामविरुद्धच्या अंतिम सामन्यात तेंडुलकरने नाबाद ३४६ केल्या आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रणजी पदार्पणात शतक ठोकले. शालेय सामन्याच्या धावफलकावरून थेट मुंबईच्या संघापर्यंत पोचण्याचा हा सर्वांत गाजलेला दाखला.

आचरेकरांची पद्धत इतर प्रशिक्षकांनीही अवलंबली. बोरिवलीच्या रोहित शर्माला प्रशिक्षक दिनेश लाड यांनी एका शिबिराच्या काळात पाहिले आणि स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये यायला सांगितले. घरच्यांना तिथली फी परवडणारी नव्हती. लाड यांनी शाळेकडून ती माफ करून घेतली. ऑफस्पिनर म्हणून घेतलेल्या या मुलाची फलंदाजी नंतर लक्षात आली आणि तो आठव्या क्रमांकावरून सलामीला गेला. पालघरच्या शार्दूल ठाकूरलाही लाड यांनीच त्या शाळेत आणले आणि रोजचा लांबचा लोकलप्रवास टाळण्यासाठी स्वतःच्या घरी ठेवले. शाळेने आपल्या मुलांतून संघ काढायचा, ही जुनी रीत इथे उलटी झाली. आधी खेळाडू, मग त्याच्यासाठी शाळा.

त्याचा परिणाम शालेय स्पर्धांवर झाला आणि तो सगळाच चांगला झाला असे म्हणवत नाही. गुणी मुले मोजक्या शाळांत गोळा झाली. वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्डकडून सर्फराज खानने २००९ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ४३९, अरमान जाफरने २०१० मध्ये गाइल्स शील्डमध्ये ४९८ आणि पृथ्वी शॉने २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ५४६ धावा काढल्या. या डावांमागची मेहनत नाकारता येणार नाही, पण समोरचा संघ कसा होता हेही त्या आकड्यांतून कळते. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने भंडारी करंडकाच्या आंतरशालेय सामन्यात नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या संघाने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. प्रतिस्पर्धी ३१ आणि ५२ धावांत आटोपले. मैदानाची एक बाजू आखूड होती, आणि परीक्षेच्या तयारीत गुंतलेल्या मोठ्या मुलांऐवजी समोरच्या शाळेने बहुतांशी लहान मुले उतरवली होती. एकीकडे क्रिकेटसाठीच भरती केलेला संघ आणि दुसरीकडे वर्गातून उठून आलेली मुले, असे सामने घडू लागले की शालेय स्पर्धेत खेळाडूची परीक्षा होईनाशी होते.

याच काळात खासगी अकादम्या वाढल्या. वेंगसरकरांनी १९९५ मध्ये ओव्हल मैदानावर अकादमी सुरू केली, तेव्हा ही कल्पना शहराला नवी होती. २००८ मध्ये आयपीएल आली आणि उपनगरांत, पार विरार-डोंबिवलीपर्यंत, टर्फ आणि सिमेंटच्या खेळपट्ट्या, बोलिंग मशीन, व्हिडिओ चित्रण आणि महिन्याची हजारोंची फी असलेली केंद्रे निघाली. दादर-माटुंग्याच्या चाळीतून मैदानावर चालत जाणारा मुलगा मागे पडला. आता किटची बॅग घेऊन पहाटेची लोकल पकडणारा मुलगा आणि त्याच्यासोबत नोकरी सांभाळून धावणारे वडील दिसू लागले. गिरण्या त्याआधीच बंद पडत गेल्या होत्या, अनेक कंपन्यांनी आपले संघ गुंडाळले, आणि खेळावर नोकरी मिळण्याची खात्रीही ओसरली. कमी खर्चात शिकण्याची आणि खेळून पोट भरण्याची जुनी सोय एकाच वेळी आकसली. पैसे असणाऱ्याला अकादमी उघडी राहिली. नसणाऱ्याला एखाद्या सरांची नजर पडण्याची वाट पाहावी लागली. उत्तर प्रदेशातल्या भदोहीहून आलेला यशस्वी जैस्वाल आझाद मैदानावरच्या तंबूत माळ्यांसोबत राहत होता. प्रशिक्षक ज्वाला सिंग यांनी त्याला आधार दिला आणि २०१५ मध्ये गाइल्स शील्डच्या एकाच सामन्यात नाबाद ३१९ धावा आणि ९९ धावांत १३ बळी अशी कामगिरी करून तो उजेडात आला. ज्यांच्याकडे फीचे पैसे नाहीत त्यांच्यासाठी शालेय स्पर्धा अजून उपयोगी आहेत, हे त्या सामन्याने दाखवले.

मुलींच्या बाबतीत ही निवड फार काळ उद्भवलीच नाही, कारण त्यांच्यासाठी शालेय क्रिकेट जवळपास नव्हतेच. आलू बामजी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत ‘अल्बीज’ हा महिलांचा क्लब काढला. १९७३ मध्ये भारतीय महिला क्रिकेट संघटना स्थापन झाली आणि पहिली राष्ट्रीय स्पर्धा त्याच वर्षी पुण्यात झाली, तीही मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश या तीनच संघांत. नंतर रेल्वेने नोकऱ्या देऊन खेळाडूंना सांभाळले. २००६ मध्ये महिला क्रिकेट भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली आले आणि वयोगटांचे संघ निघाले. मुलींच्या वाट्याला शाळेच्या आधी क्लब आला, मुलांच्या नेमके उलट.

सध्या मुंबईतला चौदा वर्षांचा खेळाडू सहसा दोन्हीकडे असतो. सकाळी अकादमीचे नेट, दुपारी वर्ग, शील्डच्या दिवसांत शाळेचा संघ, पावसाळ्यात कांगा. शाळेकडून खेळायला बोनाफाइड दाखला लागतो, क्लबाकडून खेळायला नोंदणी, आणि वय सिद्ध करायला जन्मदाखल्यासोबत हाडांची क्ष-किरण तपासणी. मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या चौदा आणि सोळा वर्षांखालील संघांसाठी निवड समितीचे सदस्य शालेय सामने पाहतात, तसे निवड चाचण्यांतले खेळाडूही पाहतात. दोन्हींच्या तारखा एकमेकांवर आल्या की मुलाने कुणीकडे जायचे, हे अजूनही बहुधा सरच ठरवतात. मग ते सर शाळेच्या पगारावर असोत किंवा अकादमीच्या.