ग्रामीण बँकेची केंद्रसभा : एका साधनाचा विचार

बांगलादेशातील ग्रामीण बँकेच्या इतिहासाची साधने तपासताना पाहुण्यांनी लिहिलेल्या भेटवृत्तांतांचे मोल प्रथम ठरवावे लागते. १९७४ च्या दुष्काळानंतर, १९७६ साली मुहम्मद युनूस यांनी चितगावजवळील जोब्रा गावच्या ४२ जणांना मिळून सुमारे २७ डॉलर कर्जाऊ दिले. १९८३ साली या प्रयोगास स्वतंत्र बँकेचे रूप आले. पाच जणींचा गट, अशा काही गटांचे केंद्र आणि केंद्राची साप्ताहिक सभा, ही तिची मूळ रचना होय. तारणाची जागा परस्परांवरील देखरेखीने घेतली.

पाहुण्यास दिसते ती ही सभा : ओळीने बसलेल्या स्त्रिया, मोजून दिलेला हप्ता, वहीतील नोंद. हप्ता कोठून आला, हे मात्र तेथे दिसत नाही. हेलन टॉड (१९९६) व अमीनुर रहमान (१९९९) यांनी टांगाईल भागात दीर्घकाळ राहून घराघरांतील व्यवहार पाहिले. अनेक कर्जदार स्त्रियांची स्थिती सुधारल्याचे टॉड यांस आढळले. कर्ज पुष्कळदा पुरुषांच्या हाती जाते आणि जुने फेडण्यासाठी नवे काढले जाते, असे रहमान यांनी नोंदविले. १९९८ च्या महापुरानंतर वसुली खालावली, तेव्हा या शिस्तीमागील ताण उघड झाला आणि बँकेस आपले नियम सैल करावे लागले.

सारांश, भेटवृत्तांत हा सभेचा पुरावा होय, संसाराचा नव्हे. नियमित हप्त्यावरून दारिद्र्यनिवारणाचे अनुमान काढणाऱ्याने हा भेद विसरता कामा नये.