प्लॅटिनम : क्षुद्र रुप्याची थोरवी

सोने आणि रुपे या दोन धातूंवर आपल्याकडील सुवर्णकारांचा संसार शतकानुशतके चालत आला आहे. गळ्यात सोने व पायांत रुपे ही वाटणी घरोघर रूढ आहे. पैंजण, जोडवी ही लेणी रुप्याचीच. या जोडीत प्लॅटिनम हा तिसरा धातू फार उशिरा येऊन बसला. त्याची कथा धंद्यातील मंडळींनी मुद्दाम मनन करावी अशी आहे. धातूची किंमत केवळ खाणीत ठरत नाही, ती कारागिराच्या ज्ञानाने व सचोटीने ठरते, हे तीवरून स्पष्ट दिसते.

दक्षिण अमेरिकेत आजच्या कोलंबिया व इक्वेडोर या देशांत नद्यांच्या वाळूत सोन्याबरोबर हे पांढरे कण सापडत. रुपे ९६२ अंश सेल्सिअसला वितळते, सोने १०६४ ला. प्लॅटिनमला मात्र १७६८ अंश लागतात. कोळशाच्या भट्टीस व फुंकणीस हे साधणारे नव्हते. तथापि इक्वेडोरच्या किनाऱ्यावरील ला तोलिता येथील प्राचीन कारागिरांनी युक्ती काढली. प्लॅटिनमचे कण थोड्या सोन्याबरोबर तापवावेत, वितळलेल्या सोन्याने ते सांधले जावेत आणि मग तो गोळा आळीपाळीने ठोकावा व तापवावा, अशी ती रीत. युरोपीय लोक तेथे पोहोचण्यापूर्वी हजारांवर वर्षे ही विद्या तेथे नांदत होती.

पुढे आलेल्या स्पॅनिश लोकांस ही विद्या अवगत नव्हती. त्यांनी या धातूस ‘प्लातिना’, म्हणजे क्षुद्र रुपे, असे नाव दिले. तो सोन्याहूनही जड असल्यामुळे सोन्यातील त्याची भेसळ वजनावरून उघडकीस येईना. म्हणून सरकारी हुकुमाने तो नद्यांत फेकून देण्यात येई. अंतोनियो दे उल्योआ याने १७४८ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तेव्हा युरोपातील शास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे वेधले. १७८६ साली पॅरिसच्या जानेती या सुवर्णकाराने प्लॅटिनमचे साखरपात्र घडविले. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. इंग्लंडात वोलास्टन याने १८०२ ते १८०४ या काळात याच खनिजातून पॅलेडियम व ऱ्होडियम हे आणखी दोन शुभ्र धातू शोधून काढले. रशियाने तर १८२८ ते १८४५ पर्यंत प्लॅटिनमची नाणी पाडली.

अलंकारांत मात्र त्याचा खरा उदय १९०० च्या सुमारास झाला. तोपर्यंत युरोपात हिरे बहुधा रुप्यात जडवीत व मागे सोन्याचा आधार देत. रुपे मऊ म्हणून जडण जाड ठेवावी लागे, आणि ते काळवंडेही. ऑक्सिजनच्या प्रखर ज्योतीने प्लॅटिनम कारागिराच्या हाती आले आणि तारेएवढ्या नाजूक जडणीत हिरा शोभू लागला. पॅरिसच्या कार्तिए पेढीने १९२८ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांजसाठी केलेला हिऱ्यांचा हार प्लॅटिनमचाच होता. पुढे तो नाहीसा झाला. १९९८ साली लंडनमध्ये त्याचा सांगाडा सापडला, तेव्हा त्यातील मोठे हिरे गेलेले होते, प्लॅटिनम मात्र टिकून होते!

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने १९४२ साली दागिन्यांसाठी प्लॅटिनम वापरण्यास बंदी केली, तेव्हा पॅलेडियम व पांढरे सोने यांचा प्रसार वाढला. पांढरे सोने हा स्वतंत्र धातू नव्हे. सोन्यात निकेल अथवा पॅलेडियमसारखा धातू मिसळून ते करतात. अठरा कॅरटच्या अशा दागिन्यात ७५ टक्केच सोने असते व वरची झळाळी पुष्कळदा ऱ्होडियमच्या मुलाम्याची असते. मुलामा झिजला की पिवळसर छटा दिसू लागते. यात फसवणूक नाही. परंतु ग्राहकास हे न सांगणे ही मात्र फसवणूकच होय.

रुपे, पॅलेडियम, प्लॅटिनम, पांढरे सोने ही चारही सामान्य दृष्टीस सारखीच शुभ्र दिसतात. ज्या धातूस एकदा भेसळीपायी नदी दाखविली गेली, त्यास मान मिळाला तो नीट परीक्षा व नीट घडण झाल्यावरच. शुभ्र रंग पाहून ग्राहक मोहून जाईल. त्याचा कस सांगणे हे सुवर्णकाराचे काम आहे, आणि पेढीची अब्रू त्यावरच उभी आहे.