रंगो बापूजी : हरलेल्या दाव्याचा वकील

'वकील' म्हटले की आज काळा डगला आणि न्यायालय आठवते. मराठेशाहीत मात्र परक्या दरबारात धन्याची बाजू मांडणाऱ्या प्रतिनिधीला वकील म्हणत. सातारकर छत्रपतींचे वकील रंगो बापूजी गुप्ते या दोन्ही अर्थांच्या सीमेवर उभे असलेले आम्हांला दिसतात.

५ सप्टेंबर १८३९ रोजी कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केले व पुढे काशीला धाडले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आणि कंपनीचे शिपाई फितवल्याचा आरोप त्यांच्यावर होता. दोष कबूल केल्यास गादी राखण्याची गव्हर्नर कारनॅकची तयारी होती. महाराजांनी ते नाकारले. आपली रीतसर चौकशी व्हावी, हे त्यांचे मागणे घेऊन रंगो बापूजी लंडनला गेले.

त्यांचा आधार होता १८१९ चा तह. तह दोन पक्षांत होतो. मग एकाने दुसऱ्याचे म्हणणे न ऐकताच निवाडा कसा द्यावा? अर्ज, छापील पत्रके, कंपनीच्या भागधारकांच्या सभा, जोसेफ ह्यूमसारखे पार्लमेंटचे सभासद, असे एकेक दार त्यांनी ठोठावले. १८४७ मध्ये महाराज काशीत वारले. १८४८ मध्ये गादीवरचे शहाजीराजेही गेले आणि दत्तक अमान्य करून डलहौसीने राज्य खालसा केले. अशील गेला, दाव्याची मिळकतही गेली. वकील मात्र १८५३ पर्यंत विलायतेत भांडत राहिला.

आमच्यापैकी एक साताऱ्यात शिकवतो, दुसरा सांगलीत. सांगलीचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. साताऱ्याचे त्याच्या शंभर वर्षे आधी बुडाले. वर्गात आम्ही अर्जविनंत्यांचा काळ आणि बंडाचा काळ वेगवेगळे शिकवतो. रंगो बापूजींच्या एकाच आयुष्यात मात्र ते दोन्ही सामावले आहेत. परतल्यावर ते १८५७ च्या उठावाच्या तयारीत पडले. कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला. त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी निसटले, ते कंपनीच्या हाती कधीच लागले नाहीत.

म्हणून त्यांची विलायतेतील वर्षे वाया गेली, असे आम्हांला वाटत नाही. कायद्याची भाषा बोलणाऱ्या सत्तेला त्यांनी तिच्याच भाषेत प्रश्न विचारला. उत्तर मिळाले नाही, आणि त्या मौनाची किंमत एका बापाने गेंडामाळावर मोजली.