पायलट किती लागतात? चॅनेल एस्टिमेशनचा जुना हिशेब

आरआयएसवरचे पेपर वाचायला घेतलेत की दुसऱ्या-तिसऱ्या पानावर एक साधंसं वाक्य भेटतं: 'चॅनेल पूर्णपणे माहीत आहे असे गृहीत धरू.' तिथे थांबा. निम्मी लढाई त्या गृहीतकातच दडलेली आहे, आणि ती बरीच जुनी आहे.

1958 मध्ये एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीतल्या प्राइस आणि ग्रीन यांनी रेक रिसीव्हर मांडला. वेगवेगळ्या वाटांनी उशिरा येणारे प्रतिध्वनी ही कटकट न मानता प्रत्येक वाट मोजायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. म्हणजे आधी चॅनेल मोजा, मग त्याचा फायदा घ्या.

मोजायला किंमत पडते. जीएसएमच्या एका बर्स्टमध्ये 148 बिट, त्यातले 26 रिसीव्हरला आधीच ठाऊक. सहाव्या हिश्शापेक्षा जास्त जागा निव्वळ मोजमापात गेली! ते 26 बिट मधोमध ठेवलेत, कारण चॅनेल सतत बदलतो आणि मधून दोन्ही टोकं सारखीच जवळ पडतात. (मला हा बारकावा फार आवडतो.)

2003 मध्ये हसिबी आणि हॉकवाल्ड यांनी हिशेब पक्का केला: पाठवणारे अँटेना जितके, निदान तितके पायलट हवेत. मग शेकडो अँटेनांचं काय? 2010 मध्ये मार्झेटा यांनी बाजूच उलटवली. पायलट मोबाइलने पाठवायचे, टॉवरच्या सगळ्या अँटेनांनी एकदम ऐकायचे. खर्च वापरकर्त्यांच्या संख्येवर आला, अँटेना कितीही वाढवा.

आरआयएसपाशी ही युक्ती अडते. पॅनेल पॅसिव्ह आहे. ते स्वतः बोलत नाही, ऐकतही नाही, फक्त फेज बदलून परावर्तन करतं. घटक दुप्पट केले की मिळणारी पॉवर चौपट होते, हे सगळे उत्साहाने सांगतात. पण अज्ञातंही दुप्पट होतात, ते हळू आवाजात. शिवाय मोबाइल ते पॅनेल आणि पॅनेल ते टॉवर या दोन टप्प्यांचा फक्त गुणाकार हाती लागतो.

सुरुवातीची पद्धत बाळबोध होती: एकेक घटक चालू करा, बाकीचे बंद. सिग्नल क्षीण, नॉइज तेवढाच. 2020 मध्ये येन्सन आणि डी कार्व्हाल्यो यांनी सगळे घटक चालू ठेवून डीएफटी मॅट्रिक्सप्रमाणे फेज बदलले. चूक जवळपास घटकांच्या पटीत कमी झाली. पायलटची संख्या मात्र जिथल्या तिथे.

ती कमी केली त्याच वर्षी वांग, लिउ आणि चुई यांनी. पॅनेल ते टॉवर हा टप्पा सगळ्या वापरकर्त्यांना सामाईक आहे, मग तो दर वेळी नव्याने का मोजायचा? 10 वापरकर्ते, 100 घटक, टॉवरवर 100 अँटेना धरले तर 1010 ऐवजी 119 पायलट पुरतात. नॉइज नाही असं धरून, हे विसरू नका.

पण 32 बाय 32 चं पॅनेल घेतलं तर घटकच 1024. मग चॅनेल थोड्याच दिशांनी येतो असं मानून पायलट वाचवणारे पेपर वाचाल. त्यातले बरेच लहर सपाट येते असं धरतात. पॅनेल मोठं आणि वापरकर्ता जवळ असेल तर लहर वक्र असते. तेव्हा दिशेसोबत अंतरही अज्ञातांच्या यादीत घ्यावं लागतं.