पेटी, खोका आणि न झाडलेली गोळी

सॅम्युअल कोल्टला फिरत्या सिलिंडरच्या पिस्तुलाचं अमेरिकन पेटंट २५ फेब्रुवारी १८३६ रोजी मिळालं आणि न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावी कारखाना उभा राहिला. तिथली बरीच पिस्तुलं लाकडी पेटीत बसवून विकली जात. ही पेटी शोभेची नव्हती. तेव्हा दारू, गोळी आणि दारू पेटवणारी केप या तिन्ही गोष्टी स्वतंत्र भराव्या लागत, त्यामुळे नुसतं पिस्तूल हातात घेऊन काहीच उपयोग नसे. पेटीत जादा सिलिंडर असे, गोळ्या ओतायचा साचा, साफसफाईची सळी, खोलाजोडीचं अवजार असे. मला यात सर्वांत देखणी वाटते ती दारूची कुपी. तिच्या एका टोकाला पाच बारीक नळ्या होत्या. त्या सिलिंडरच्या पाच घरांवर टेकवल्या की पाचही घरांत मापाची दारू एकदम उतरे. दुसऱ्या टोकातून पाच गोळ्या पडत. एवढी अक्कल ज्या कुपीत घातली, ती हरवली की पिस्तूल अर्धं झालं. पेटी जपण्याची सवय अशी गरजेतून लागली.

पॅटरसनचा कारखाना १८४२ मध्ये बुडाला. कोल्ट पुन्हा उभा राहिला तो १८४७ च्या अवजड वॉकर रिव्हॉल्व्हरमुळे. ही बहुतेक लष्करासाठी घडली आणि वापरात झिजली. त्यांतलं एक मात्र डॅनिश जहाजाच्या कप्तानाकडे गेलं, पेटीसकट टिकलं आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या लिलावात १८ लाख ४० हजार डॉलरना विकलं गेलं. पेटीसह उरलेलं खासगी विक्रीचं दुसरं वॉकर कुणाला माहीत नाही.

१८५१ च्या लंडन प्रदर्शनात कोल्टने आपला माल मांडला आणि १८५३ मध्ये पिम्लिको भागात कारखानाच काढला. पेटीच्या दोन रीती तेव्हा रूढ होत्या. इंग्रजी पेटीत सरळ फळ्यांचे खण आणि आत बहुधा हिरवी बनात. फ्रेंच पेटीत प्रत्येक वस्तूच्या आकाराचा खळगा कोरून त्यावर मखमल. फ्रेंच पेटी दिसायला श्रीमंत, पण इंग्रजी पेटीतले खण अधिक सोयीचे. बनातीवर वर्षानुवर्षं दाबून उमटलेला नळीचा ठसा पाहून हेच शस्त्र इथे नांदलं का, हेही ताडता येतं.

ही पेटी मागे पडली ती धातूच्या काडतुसामुळे. होरेस स्मिथ आणि डॅनियल वेसन यांनी १८५७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे आपलं छोटं .२२ रिव्हॉल्व्हर आणलं. दारू, गोळी आणि पेटवण एकाच डबीत आलं. कुपी गेली, साचा गेला, केप गेल्या. मग एवढी मोठी पेटी हवी कशाला? सुरुवातीला या छोट्या रिव्हॉल्व्हरसाठी गटापर्चाच्या साच्यातल्या डब्याही निघाल्या, पण पुढचा काळ पुठ्ठ्याच्या खोक्याचा होता.

खोका दुकानदाराच्या फळीसाठी होता. कडेच्या चिठ्ठीवर जात, काडतुसाचं माप, नळीची लांबी, पॉलिशचा प्रकार. घरी गेलं की रिव्हॉल्व्हर म्यानात किंवा खणात जाई आणि खोका केरात. म्हणूनच तो दुर्मीळ झाला. स्मिथ अँड वेसनच्या कामगारांनी खोक्याच्या तळाला जाड पेन्सिलीने शस्त्राचा क्रमांक लिहून ठेवला, आणि मालाची उठाठेव सोपी व्हावी म्हणून केलेली ती खूणच आज मोठा पुरावा ठरली. तळावरचा आणि सांगाड्यावरचा क्रमांक जुळला तर खोका त्याच नगाचा. कोल्टने १९५५ मध्ये पायथन आणलं. त्याच्या पुढच्या काळातल्या खोक्यांवर लाकडाच्या रेषा छापलेल्या दिसतात. जुन्या लाकडी पेटीची ही आठवण पुठ्ठ्यावर उतरली, असं मला वाटतं.

खोक्याबरोबर दुसरा दावा येतो तो कोरेपणाचा: रिव्हॉल्व्हर एकदाही न झाडलेलं. घडी न मोडलेल्या पैठणीसारखं. पण काटेकोर बोलायचं तर असं रिव्हॉल्व्हर जवळजवळ नसतंच. कारखान्यातून निघण्यापूर्वी ते झाडून पाहिलेलं असतं. इंग्लंडमध्ये तर लंडन आणि बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहांत जास्त दाबाची काडतुसं झाडून मगच शिक्का मारतात. अमेरिकेत न्यूयॉर्क आणि मेरीलँड राज्यांनी दोन हजार सालाच्या सुमारास वेगळाच नियम केला होता: विकल्या जाणाऱ्या शस्त्राबरोबर त्यातून झाडलेलं रिकामं काडतूस द्यायचं. त्यामुळे कोऱ्या नगाच्या खोक्यात झाडल्याचा पुरावा पाकिटात बंद होऊन येई. 'कारखान्याबाहेर न झाडलेलं' एवढंच खरं विधान होऊ शकतं आणि विकणाऱ्याने तेच करावं.

तेही ओळखायचं कसं? सिलिंडरच्या पुढच्या तोंडावर घरांभोवती जळकी वलयं पाहतात, नळीच्या मागच्या टोकाशी काजळी आणि शिसं शोधतात. सिलिंडरच्या अंगावर एक बारीक गोल रेघ असते. आतली खीळ घासून ती पडते. ती गोळी न झाडताही, नुसता घोडा ओढून सिलिंडर फिरवत बसलं तरी पडते. म्हणून काही विक्रेते प्लास्टिकच्या पट्टीने सिलिंडरच बांधून ठेवतात. कारखान्याच्या दप्तरातून मिळणारं पत्र नग कधी, कुणाकडे रवाना झाला ते सांगतं. पुढे मालकाने काय केलं याची नोंद त्यात नसते.

आणि खोका नेहमी राखतोच असंही नाही. पुठ्ठा आणि मखमल दमट हवेत ओल धरतात, आणि निळ्या पॉलिशवर तांबूस ठिपके येतात. दुसऱ्या महायुद्धानंतर गंजरोधक वाफ सोडणारा कागद खोक्यात येऊ लागला, पण त्याचा गुणही काही वर्षांत उतरतो. जाणते संग्राहक म्हणून रिव्हॉल्व्हर तेल लावून वेगळं ठेवतात आणि रिकामा खोका, चिठ्ठी-कागदांसह, दुसऱ्या कपाटात.