म्युनिकचा दाखला

म्युनिकचा दाखला हा आक्रमक राष्ट्रापुढे नमते घेतल्यास मोठे युद्ध ओढवते, असे १९३८ च्या म्युनिक कराराच्या आधारे सांगणारा आंतरराष्ट्रीय राजकारणातील युक्तिवाद होय.

पार्श्वभूमी

३० सप्टेंबर १९३८ रोजी ब्रिटन, फ्रान्स व इटली यांनी चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटनलँड प्रदेश जर्मनीला देण्यास संमती दिली. चेकोस्लोव्हाकियाला या वाटाघाटींत स्थान नव्हते. तेथील जर्मन भाषकांचे रक्षण हे हिटलरने पुढे केलेले कारण होते. मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्याने प्राग व्यापल्यावर ते निमित्तमात्र असल्याचे उघड झाले.

वापर

१९५६ च्या सुएझ पेचप्रसंगात ब्रिटिश पंतप्रधान अँथनी ईडन यांनी, व्हिएतनाम युद्धात लिंडन जॉन्सन यांनी आणि १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापल्यावर जॉर्ज बुश (थोरले) यांनी हा दाखला दिला. २०१४ मध्ये रशियाने क्राइमिया बळकावल्यावर आणि २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण केल्यावर तो पुन्हा पुढे आला.

मूल्यमापन

स्वभाषकांच्या रक्षणाची सबब व बळाने सीमाबदल ही साम्ये वास्तविक आहेत. तथापि नाझी विस्तारामागे वंशश्रेष्ठत्वाचा सिद्धान्त होता आणि त्याची परिणती सुमारे ६० लाख ज्यूंच्या संहारात झाली; हा भेद दुर्लक्षिल्यास तुलना अन्यायकारक ठरते. सुएझ व व्हिएतनाम येथे तर तिने युद्धाचेच समर्थन केले. आक्रमण निंद्य ठरण्यासाठी ते नाझींसारखे असणे आवश्यक नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेनुसार दुसऱ्या राष्ट्राच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध बळाचा वापर मुळातच निषिद्ध आहे.