पंचगंगाकाठची वस्ती आणि पूर

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे आकाराला येणारी पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. पुराबरोबर येणारा गाळ जमिनीला कस देत असल्यामुळे काठावरचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पुराशी जुळवून घेत राहिला. नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळा, म्हणजे दत्तपादुकांवरून वाहत मंदिराच्या दक्षिणेच्या दाराने बाहेर पडणाऱ्या पुराच्या पाण्यात करायचे स्नान, ही त्याच सहवासाची खूण होय. १९८९ च्या पुरानंतर चिखली व आंबेवाडीच्या ग्रामस्थांना सोनतळी येथे भूखंड मिळाले, परंतु गोठा आणि ऊस नदीकाठीच असल्याने स्थलांतर अपुरे राहिले; याचा दोष ग्रामस्थांच्या हट्टाला देणे अन्यायाचे आहे, कारण घर हलवता येते, शेत हलवता येत नाही. पुढे २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये महापूर आले. पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट मानली जात असताना २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांपुढे गेले. उन्हाळ्यात मात्र याच पात्रात सांडपाणी साचते, आणि यंत्रमागांचे शहर असलेल्या इचलकरंजीत २०१२ मध्ये दूषित पाण्यातून पसरलेल्या काविळीच्या साथीत माणसे दगावली.